सागाच्या बल्लीवरची वेल

माझा राग वडिलोपार्जित आहे. शेत भावाला गेलं, राग माझ्या वाट्याला आला.

वडील वनरक्षक होते. गडचिरोलीच्या जंगलात त्यांची उभी नोकरी गेली, आणि तिचा मोठा भाग सागावरच्या वेली तोडण्यात. वेल खोडाला आवळते, झाड वाकडं करते, म्हणून तिच्यावर दोन घाव घालायचे. एक घोट्याशी, एक कमरेशी, आणि मधला तुकडा ओढून फेकून द्यायचा. लहानपणी मी खोटं बोललो की तोच हात माझ्यावर चालायचा. कोयत्याच्या जागी फक्त पट्टा असायचा.

अशा माणसाच्या मुलाने घरात वेल पाळली.

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये, खिडकीशी, पांढऱ्या चट्ट्यांचा मॉन्स्टेरा. मागवला तेव्हा एक डोळा आणि दीड पान होतं. मे महिन्यात इथे कुलरसुद्धा गरम वारा फेकतो, तेव्हा मी कुंडीभोवती ओली पोती लावायचो. पानांवर बसलेली वीजकेंद्राची राख रोज फडक्याने पुसायचो. पानाला कुणी बोट लावलं तर अंगावर धावून जायचो. एकदा बायकोने पडदा झटकला, कोवळं पान फाटलं, आणि मी हातातलं ताट भिंतीवर मारलं. वरणाचा डाग अजून आहे. तीन वर्षांत वेल माझ्या डोक्याच्या वर गेली. चढायला मी तिला गावच्या गोठ्यातला जुना खांब, सागाची बल्ली, दिली होती, काथ्या गुंडाळून. अक्कल तिथेच गहाण पडली.

आई गेल्यावर वडील आमच्याकडे आले. सोबत दोन धोतरं आणि नोकरीतला कोयता. दिवसभर वेलीसमोर बसायचे.

"हे सागाले खाऊन राह्यली," म्हणायचे.

"बाबा, मेलेला साग हाय तो. आता त्याले काय होते?" मी हसायचो.

एका दुपारी पहिली पाळी करून घरी आलो, तर ते बल्लीशी कोयता घेऊन उभे. घोट्याशी घाव, कमरेशी घाव. मधला तुकडा फरशीवर, त्याची पांढरी पानं पायाखाली चेंदलेली.

"हात थांबला नाई," ते म्हणाले. चेहरा चक्क खूश होता.

पुढचं मला सगळं आठवतं. मी कोयता हिसकावून फेकला. त्यांचं मनगट पिरगाळलं. ते "सोड बे" म्हणाले, मी ढकललं. कुलरच्या लोखंडी स्टँडवर त्यांचा हात आपटला आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तरी मी थांबलो नाही, पुन्हा हात उगारला. बायको मध्ये घुसली.

"म्हाताऱ्याले मारून टाकता का!"

खरं सांगतो, त्या क्षणी हो म्हणालो असतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? वडील म्हणाले, "पडलो. बाथरूममंदी." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वेल मात्र मेली नाही. वरच्या भागाच्या मुळ्या काथ्यात शिरल्या होत्या, तेवढ्यावर ती तगली. उजवा हात गळ्यात अडकवून वडीलच डाव्या हाताने काथ्यावर पाणी शिंपडायचे.

"गुळवेलीसारखी हाय," एकदा म्हणाले. "तोडली तरी वरून मुळ्या सोडते. आमी किती तोडल्या, काही मेल्याच नाई."

प्लास्टर निघालं, मनगट थोडं वाकडंच राहिलं. पावसाळा संपता संपता एके सकाळी त्यांनी हाक मारली, "पाह्य, नवं पान आलं!"

मी धावत गेलो. ते बल्लीखाली स्टुलावर बसले होते. पान अर्धं पांढरं, अर्धं हिरवं, अजून गुंडाळलेलं. ते नीट पाहायला मी त्यांच्या डोक्यावरून हात वर नेला.

त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि तो वाकडा हात तोंडासमोर धरला. लहानपणी मी धरायचो तसाच.