साबण चाखायची पद्धत

आमच्या लेकीला साबण चावायचा. हे तिचं म्हणणं. डॉक्टरांच्या मते तिची कातडी नाजूक होती आणि तुळिंजच्या आमच्या बिल्डिंगमधलं बोअरिंगचं पाणी खारट. दोघांचं म्हणणं एकच होतं, फक्त डॉक्टरांनी ते चिठ्ठीवर लिहून दिलं.

तेव्हा ती चारेक वर्षांची असेल. कोपरं आणि गुडघ्यांच्या मागची कातडी लाल होऊन चिरायची. बादली भरल्याचा आवाज आला की ती पलंगाखाली जाऊन बसायची, आणि तिला तिथून ओढून काढताना माझं काळीज तुटायचं. बाजारातले सगळे साबण लावून झाले. त्या पाण्यात एकालाही धड फेस येत नव्हता, नासलेल्या दुधासारखी साय तेवढी तरंगायची. शेवटी बायको म्हणाली, "मीच करते घरी." मी म्हटलं, कर. ती खरंच करेल हे मला काय माहीत.

विरारच्या एका महिला मंडळात ती साबण शिकून आली. खोबरेल तेल तिच्या माहेरचं, वसईच्या वाडीतल्या नारळांचं. खोबरेलाच्या साबणाला खाऱ्या पाण्यातही फेस येतो म्हणे. पहिला घाणा तिने जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात घातला. साबणातल्या कॉस्टिक सोड्याने आधी पातेलं खाल्लं. आतलं सगळं काळं पडून फसफसलं आणि सासूबाईंनी दिलेल्या पातेल्याला बुडाशी भोक पडलं.

"पातेलं खातो तो साबण पोरीला लावणार आपण?"

"म्हणूनच महिनाभर मुरवायचा असतो," ती म्हणाली आणि तिने स्टीलचं पातेलं काढलं.

दुसऱ्या घाण्याला पाणी विकतचं, बाटलीतलं. आम्ही टँकरचं उकळून प्यायचो, साबण बाटलीतलं प्यायला. खिडक्या उघड्या टाकून, तोंडाला ओढणी बांधून ती ढवळत बसली. भज्यांच्या पिठाइतकं दाट झाल्यावर तिने ते थाळीत ओतलं, दुसऱ्या दिवशी वड्या पाडल्या आणि कपाटावर वर्तमानपत्र पसरून मांडल्या.

साबण मुरला की नाही हे जिभेला कळतं. जिभेचं टोक लावायचं, झोंबलं तर कच्चा. आमच्याकडे नैवेद्य उष्टा होऊ नये म्हणून बायको आमटीचं मीठसुद्धा चाखत नाही, अंदाजाने घालते. अंदाज चुकला तर देव बोलत नाही, मीही बोलत नाही. साबण मात्र ती दर शनिवारी चाखायची. लेक खाली उभी राहून बघायची.

"चावला?"

"चावला."

असे काही शनिवार गेले. मग एकदा ती म्हणाली, "नाही चावला," आणि लेक आपणहून पाटावर जाऊन बसली. अट एकच, रोज आंघोळीआधी आईने साबण चाखून दाखवायचा. चिरा हळूहळू भरून आल्या. मी माझा बाजारचाच साबण वापरत राहिलो. ज्याने पातेलं खाल्लं त्याच्याशी मला सलगी नको होती.

पुढे बायकोच्या माहेरी सत्यनारायण निघाला. ती पहाटेच वसईला गेली, लेकीला आंघोळ घालून मी मागून न्यायचं ठरलं. बायकोने फ्रॉक, तेल, टॉवेल सगळं काढून ठेवलं होतं. जीभ ठेवायची राहिली होती.

लेक बाथरूमच्या दारात उभी राहिली. त्या आठवड्यात तिचं एक कोपर पुन्हा चिरलं होतं, ते तिने पाठीमागे लपवलं होतं.

"आईने चाखलाय हा," मी म्हणालो.

"हा नाही. हा नवीन आहे." खरंच, जुनी वडी आदल्याच दिवशी संपली होती. "बाबा, तू चाख."

टोक लावायचं असतं हे मी विसरलो. अख्खी जीभ फिरवली. तोंडात फेस झाला. थुंकावं तर ती बघत होती, म्हणून गिळला.

"चावला?"

"नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. इतकं निरखून मला आजवर कुणी तपासलं नव्हतं, आणि आपण नापास होणार अशी मला भीती वाटली. मी ओठ घट्ट मिटून हसलो. त्यात थोडा साबणाचाही हात होता.

मग तिने पाठीमागचं कोपर पुढे केलं.