विंगेतली टाळी

स्टेजवर आमचा बाप आईला बोटही लावायचा नाही. मारायचा तो घरी.

नाटक कंपनी घरचीच. बाप मालक आणि नायक, आई नायिका, आणि मी सहाव्या वर्षापासून विंगेतली टाळी. तिसऱ्या अंकात नवरा बायकोच्या थोबाडीत मारतो. बापाचा हात आईच्या गालापासून वीतभर लांबून जायचा, ती मान झटकायची आणि नेमक्या त्याच क्षणी मी विंगेत फाडकन टाळी वाजवायची. लोकांच्या अंगावर काटा यायचा. एकदा मला जरा उशीर झाला, तर मेकअप रूममध्ये बापाने पट्ट्याने फोडून काढलं. नंतर माझी टाळी कधी चुकली नाही.

घरी टाळीची गरजच नव्हती. त्याने आईचं डोकं कपाटावर आपटलं, बरगडी मोडली. भिंतीला कान असतात म्हणे. आमच्या भिंतीला होते, पण उपयोग शून्य. पलीकडच्या काकू जिन्यात भेटल्या की कौतुकाने म्हणायच्या, तालमी अगदी जोरात चालल्यात. मी एकदा त्यांना खरं सांगितलं, तर हसल्या. नटीची पोर शोभते म्हणाल्या. हा माणूस एक दिवस आईचा जीव घेणार, हे बाराव्या वर्षी मला स्वच्छ कळत होतं, आणि कुणी म्हणजे कुणी ते खरं मानत नव्हतं.

एका दुपारच्या प्रयोगात आई एक वाक्य विसरली. बापाचा आवळलेला जबडा मला विंगेतून दिसला. थोबाडीचा प्रवेश आला. माझे हात अजून एकमेकांपासून लांबच होते आणि आवाज आला. आई आडवी पडली, कानातून रक्त. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट.

माझं डोकं सटकलं. होते तशी स्टेजवर गेले आणि लोकांना म्हणाले, "मारल्याचा आवाज रोज मी काढते, टाळी वाजवून. आज मी वाजवलीच नाही."

ते माझं स्टेजवरचं पहिलं वाक्य. पुढे तीस वर्षं नाटकावरच पोट भरलं, पण तसं वाक्य पुन्हा मिळालं नाही.

बापाने सगळ्यांदेखत माझा ओठ फोडला. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आई उठली, लाकडी स्टूल उचललं आणि त्याच्या उजव्या हातावर घातलं. मनगट मोडल्याचं शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं.

फुकट पासावर आलेल्या काकू धडपडत वर चढल्या. आईचा कान रुमालाने दाबत त्यांनी मला विचारलं, "म्हणजे त्या तालमी नव्हत्या?"

"एकही नव्हती," मी म्हणाले.