जिन्यात अडकलेलं कपाट

अमरावतीत भाड्याची घरं बदलता बदलता आमचं पहिलं कपाट संपलं. ऑनलाइन मागवलेलं, पांढरंशुभ्र. दुसऱ्या घरी नेताना खोललं आणि परत जोडायला गेलो तर स्क्रू धरेचनात. भोकांतून नुसता भुसा गळायचा. म्हणून स्वतःचा फ्लॅट झाला तेव्हा मी नवऱ्याला सांगून टाकलं, "आता घ्यायचं तर सागवानाचं. जुनं."

"नव्या घरात जुनं काहून?" तो म्हणाला. तरी एका रविवारी माझ्यासोबत अकोल्याला आला. जुन्या फर्निचरच्या दुकानामागच्या शेडमध्ये ते उभं होतं, गुळाच्या रंगाचं, दारांवर वेलबुट्टी कोरलेली. दार लावलं की मऊसा 'टप्' आवाज व्हायचा. मी तीनदा उघडझाप केली. नवरा हसला, "झालं. आता हे घरी येतेच."

टेम्पोतून आलंही. पण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या पहिल्याच वळणावर कपाट अडकलं. वरही जाईना, खालीही येईना. शेजारच्या काकू दळणाचा डबा घेऊन खाली ताटकळल्या. शेवटी नवऱ्याने जवळच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना फोन केला. "करवत घेऊनच या," म्हणाला. मी दारावरच्या वेलबुट्टीवर हात ठेवून तिथेच उभी राहिले.

मिस्त्रींनी चष्मा पुसला, कपाटाच्या कडेवरून हात फिरवला आणि एका जागी बोट थांबवलं.

"कापाले काहून सांगता जी? हे तं खुलते."

"खुलते?"

"एक खिळा नाई याले. समदं लाकडाच्या पाचरींवर उभं हाय."

त्यांनी हातोडीने हलकेच ठोकून एक पाचर काढली, मग दुसरी. वरचा भाग अलगद हातात आला. मग दारं, मग बाजू. अर्ध्या तासात जिना मोकळा! काकूंनी डबा तिथेच ठेवला आणि एक फळी उचलली. प्रत्येक मजल्यावरून कोणी ना कोणी आलं. आमचं कपाट वरातीसारखं वर चढलं.

वर जोडायला बसल्यावर मिस्त्री एकदम थांबले. प्रत्येक सांध्यावर पटाशीने बारीक रेघा मारल्या होत्या. एक रेघ एका रेघेशी जुळवायची, तीन तिनांशी. कुण्या सुताराने किती वर्षांपूर्वी कोणाला ठाऊक, जोडणाऱ्यासाठी खूण करून ठेवली होती.

"बापा! काय मानूस असंन हा," मिस्त्री म्हणाले. शेवटची पाचर त्यांनी मला ठोकू दिली. सगळं घट्ट बसलं, जरासुद्धा डुगडुगलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात मिस्त्री, धुतलेल्या सदऱ्यात, सोबत त्यांची बायको.

"हिले दाखवाले आनलं," ते जरा लाजत म्हणाले.

मी चहा ठेवेपर्यंत नवरा त्या दोघांना रेघा दाखवायला लागला होता, जणू त्यानेच शोधल्या. मिस्त्रींच्या बायकोने दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कालपासून घरी दुसरी गोष्टच नाई, बाई. मले वाटलं, कोनती बाईच पाहून आले का काय!"