चाळीस चिठ्ठ्या, सहा अक्षरं

स्टाफरूममध्ये कुणी मोबाइलवर अक्षरं जुळवून इंग्रजी शब्द काढत बसलं, की मला हाक येते. "या की बाई, तुमचं इंग्रजी चांगलंय," म्हणतात. मी चहा अर्धा टाकून उठते. लोकांना वाटतं, बाईला लई गर्व. गर्व कसला डोंबलाचा! माझी मलाच किळस येते.

तेव्हा मी जळकोटच्या पुढं, हायवेपासून आत असलेल्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. सहावीला इंग्रजी माझ्याकडं. वरून निरोप आला, शिक्षण खात्याचे साहेब भेटीला येणार. दिलेल्या अक्षरांतून पोरांनी इंग्रजी शब्द काढून दाखवायचे आणि जे पोरगं सगळ्यात भारी पडेल त्याला साहेब धाराशिवला जिल्ह्याच्या स्पर्धेला नेणार.

वर्गात एक पोरगी होती. तिची आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. हिनं ढाब्यामागून पाण्याच्या बाटल्यांची पांढरी बुचं गोळा केली होती आणि एकेका बुचावर पेनानं एकेक अक्षर लिहिलं होतं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बुचं मांडायची, सरकवायची, परत मांडायची. शब्द सापडला की पळत यायची, "बाई, हे असतंय का?" बहुतेक वेळा असायचं. तुळजापूरच्या पलीकडं ती कधी गेली नव्हती. "धाराशिवला म्याच जाणार बगा बाई," म्हणायची. मी म्हणायचे, "जाशील की!" आणि खरंच म्हणायचे.

आमच्या हेडमास्तरांचा मात्र पोरांवर काडीचा भरवसा नव्हता. "बाई, ऐन वेळी ही पोरं दगड होतात. साहेबांसमोर नाक कापून घ्यायचंय का?" त्यांनी मोबाइलवर एम, ए, एस, टी, ई, आर ही सहा अक्षरं टाकली. ढीगभर शब्द आले. त्यातले वीस-बावीस उतरवले आणि पुढच्या बाकावरच्या चार पोरांकडून पंधरा दिवस घोकून घेतले. मग म्हणाले, "चिठ्ठी साहेबांनाच उचलू द्यायची. डब्यात चाळीस चिठ्ठ्या टाका. सगळ्यांवर हीच सहा अक्षरं. उचला म्हणावं कुठलीबी!"

त्या चाळीस चिठ्ठ्या मी लिहिल्या. माझा हात धरून कुणी लिहून घेतल्या नाहीत. हेडमास्तर म्हणाले, काय मोत्यासारखं अक्षर आहे तुमचं, तर मी लाजलेसुद्धा. शी! वर त्या पोरीला मीच शेवटच्या बाकावर बसवलं. "तू शब्द काढायला वेळ लावतेस. साहेब घाईत असतात." वर्गाला सगळं ठाऊक होतं. चिठ्ठ्यांच्या घड्या पोरांनीच घातल्या होत्या. ती दप्तर उचलून मागं गेली.

साहेब आले. फेटा झाला, शाल-नारळ झालं, तुळजाभवानीचा फोटो देऊन झाला. पोरं तासभर उन्हात उभी. मग वर्गात येऊन साहेबांनी चिठ्ठी उचलली, हेडमास्तरांनी अक्षरं फळ्यावर लिहिली आणि हळूच चिठ्ठी परत डब्यात टाकली. चार पोरांनी धडाधड शब्द ओकले. मास्टर, स्टार, टीम, स्मार्ट. साहेब खूश. "वा! आता अजून एक चिठ्ठी काढू. ती मागची मुलगी, ये बाळ. तू उचल आणि वाच."

हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या चिठ्ठीवर तीच अक्षरं निघाली असती, तर आमचं पितळ तिथंच उघडं पडलं असतं.

तिनं चिठ्ठी उघडली. चिठ्ठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि खणखणीत आवाजात वाचलं, "पी, एल, ए, एन, टी, एस."

यातलं निम्मं चिठ्ठीवर नव्हतं. पोरीनं अक्षरं मनानं सांगितली होती, आमची अब्रू झाकायला. मग ती फळ्याकडं वळली, अक्षरं लिहिली आणि क्षणभर ओठ हलवत उभी राहिली. प्लँट. सॉल्ट. अँट. लास्ट. स्लॅप. थांबत थांबत, पण एकेक शब्द स्वतः शोधून. पुढच्या बाकावरची पोरं आ वासून बघत होती.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "बघू ती चिठ्ठी."

तिनं मूठ आवळली. हेडमास्तर झेपावले, तिची बोटं उलगडली, चिठ्ठी बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "साहेब, मगाचीच चिठ्ठी परत आली, ती आमची चूक. पण ही कार्टी बघा! घरून पाठ करून आली आणि चिठ्ठीवर नसलेलंच वाचलं!"

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी मला विचारलं, "काय हो बाई, खरंय का हे? पाठ करून आली ही?"

ती माझ्याकडं बघत होती. घाबरलेली नव्हती. बाई आता खरं काय ते सांगतील, अशी बघत होती.

"हो सर," मी म्हणाले. वर हेही म्हणाले, "मी समज देते तिला."

साहेबांनी तिला माफी मागायला लावली. "चुकलं सायेब," ती म्हणाली. धाराशिवला पुढच्या बाकावरचं एक पोरगं ठरलं. हेडमास्तर म्हणाले, टाळ्या. मी वाजवल्या. तिनंही वाजवल्या.

चार दिवसांनी, पापाला उतारा म्हणून म्हणा, मी फळ्यावर नवी अक्षरं लिहिली आणि लाडीगोडी लावत तिला म्हणाले, "ये गं, काढ बरं शब्द."

ती जागची उठली नाही. वही उघडली, पेन हातात घेतला आणि अगदी शहाण्या पोरीसारखं म्हणाली, "तुमीच सांगा बाई. म्या पाठ करते."