अकरा साड्या आणि एक उघडी खिडकी

माझ्या बायकोच्या धंद्यात कसलाच दोष नव्हता, त्यामुळे तो सुधारायला मला तब्बल अडीच महिने लागले.

धंदा फॉल-पिकोचा. म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला आम्ही राहतो, तिथे भाजणीपासून हिंगापर्यंत सगळं मिळतं, पण साडीला फॉल लावून देणारं माणूस मिळत नाही. इथल्या मराठी बायका नव्या साड्या कपाटात ठेवून देतात आणि कुणी पुण्याला निघालं की त्याच्या बॅगेत कोंबतात. माधवीने, म्हणजे माझ्या बायकोने, हे पाहिलं, रीतसर धंद्याची नोंदणी केली आणि जेवणाच्या टेबलावर शिलाई मशीन मांडलं. (तेव्हापासून आम्ही सोफ्यावर जेवतो.)

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत ‘सातत्यपूर्ण सुधारणा’ या खात्यात आहे. आमच्या खात्याचं काम म्हणजे जे नीट चाललंय ते आणखी नीट कसं चालेल हे त्या लोकांना समजावणं, तेही त्यांना काम करायचं असतं तेव्हाच. असा तज्ज्ञ घरात असताना माधवी आपली साड्यांना नुसते फॉल लावत बसली होती. मला बघवेना.

“माधवी, तुझं व्हिजन काय?” मी एका रविवारी चहा पिताना विचारलं.

“नंबर वाढला का गं तुझा?” सासूबाईंनी काळजीने विचारलं. त्या तीन महिन्यांसाठी मिरजेहून आल्या होत्या.

“तसं नाही, आई. धंद्याचं व्हिजन. पाच वर्षांनी तिला कुठे पोचायचंय?”

माधवीने सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं, “इथल्या एकाही बाईला फॉलसाठी साडी भारतात पाठवायला लागू नये. आणि स्टेशनजवळ एक छोटं दुकान. बास.”

“उत्तम. आता याचा कृती-आराखडा करू.”

“केलाय की. मशीनला तेल घालायचं आणि बसायचं.”

याला आराखडा म्हणत नाहीत. मी ऑफिसातून पांढरा फळा आणला, भिंतीवर लावला, त्यावर ‘करायचंय’, ‘चाललंय’, ‘झालं’ असे तीन रकाने आखले आणि रोज सकाळी साडेसातला पाच मिनिटांची उभ्याने बैठक जाहीर केली.

“उभ्याने बैठक कशी होते, सुहासराव?” सासूबाईंनी विचारलं. “एक तर बसा, नाही तर उभे राहा.”

पहिल्या दिवशी त्या खुर्ची घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी निवडायची मेथी घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी बैठकीला मी एकटाच होतो, आणि ती बैठक मात्र अगदी वेळेत संपली.

पण मी खचणाऱ्यातला नाही. रोज एक छोटी सुधारणा, हे आमच्या खात्याचं ब्रीद. मी अपव्यय शोधायला लागलो. माधवी फॉल लावण्याआधी तो रात्रभर पाण्यात भिजवते, वाळवते, इस्त्री करते. मी म्हटलं, हा नुसता वाट बघण्याचा वेळ आहे, काढून टाकू. ती म्हणाली, “मग पहिल्या धुण्यात फॉल आटेल आणि साडीची पिशवी होईल. मशीनपासून लांब हो.” साडी द्यायला आलेल्या बाईला सासूबाई चहा करून पाऊण तास बसवून घ्यायच्या: साडी कुणी घेतली, कुठल्या लग्नातली, सून कशी आहे. मी नियम केला की प्रत्येक ग्राहकाला तीन मिनिटं. सासूबाईंनी तो मान डोलावून ऐकला आणि चहात आलं वाढवलं.

शेवटी मला माझी सुधारणा सापडली. टाचणी!

साडी कुणाची, कधी द्यायची, हे माधवी चिठ्ठीवर लिहायची आणि ती चिठ्ठी टाचणीने साडीच्या आतल्या टोकाला अडकवायची. रेशमाला भोक! ऑफिसात असं कुणी केलं असतं तर आम्ही कार्यशाळा घेतली असती. मी पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांची अख्खी थप्पी आणून दिली.

“रेशमावर नाही चिकटत ते,” माधवी म्हणाली.

“माणसाला बदल नको असतो, हे अगदी स्वाभाविक आहे,” मी समजुतीने म्हणालो.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने तिथेच टाचणी परत केली असती.

दिवाळीचे दिवस आले. आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम शनिवारी चार वाजता होता आणि त्यासाठी माधवीकडे अकरा साड्या आल्या होत्या. मंडळाच्या सचिव पाटील वहिनी तिला म्हणाल्या होत्या, “या नीट झाल्या ना, की गुढीपाडव्याच्या नाचाच्या बारा नऊवारी तुझ्याकडेच शिवायला.” त्या बारा नऊवारींच्या भरवशावर माधवी स्टेशनजवळची एक खोली दोनदा बघून आली होती. शिंप्याच्या जुन्या दुकानामागची, एका खिडकीची खोली. पडदा कुठल्या रंगाचा लावायचा हेसुद्धा तिने ठरवलं होतं, आणि हे मला तिने नाही, सासूबाईंनी सांगितलं.

शुक्रवारी दुपारपर्यंत अकराही साड्या तयार होऊन, घड्या घालून, टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीवर एक पिवळी चिठ्ठी. मी त्या दिवशी घरून काम करत होतो. माधवी आणि सासूबाई किराणा आणायला निघाल्या.

“एवढ्या कागदी पाकिटांत घालून ठेव,” माधवी म्हणाली. “चिठ्ठी पाकिटावर लाव. दुसरं काही करू नकोस.”

दुसरं काही म्हणजे काय, मी फक्त खिडकी उघडली. आमच्या भाडेकरारातच आहे की भिंतींना बुरशी येऊ नये म्हणून दिवसातून दोनदा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून हवा खेळवायची. श्टोसल्यूफ्टन! नियम म्हणजे नियम. मी हॉलची खिडकी उघडली, स्वयंपाकघराची उघडली, आणि नोव्हेंबरचा वारा एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने निघून गेला. साड्या जागच्या हलल्या नाहीत. चिठ्ठ्या मात्र अकराच्या अकरा उडाल्या. तीन सोफ्याखाली, एक मेथीत, दोन फिश टँकमध्ये आणि बाकीच्या घरभर.

आता कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? बायकोला फोन. मी विश्लेषण केलं.

पाटील वहिनींचा आवाज मोठा, म्हणून लाल साडी त्यांची. डॉक्टर बाई प्रयोगशाळेत काम करतात, म्हणजे पांढरट. गोखले काकू वयस्क, तेव्हा चॉकलेटी. अशा रीतीने अकराही चिठ्ठ्या (दोन हेअर ड्रायरने वाळवून) मी अकरा पाकिटांवर लावल्या, वरून चिकटपट्टी मारली, आणि माधवी आली तेव्हा शांतपणे लॅपटॉपसमोर बसलो होतो.

“झालं?”

“झालं,” मी म्हणालो, आणि फळ्यावरचं कार्ड शेवटच्या रकान्यात सरकवलं.

शनिवारी सकाळी वाटप माझ्या पद्धतीने झालं. प्रत्येकीला ठरलेली वेळ, दारातच पाकीट, तीन मिनिटं. साडेअकराला अकराही पाकिटं गेली होती आणि माधवीसुद्धा म्हणाली, “बरं झालं रे, भराभर उरकलं.” ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मी दोनदा पाणी प्यायलो.

साडेबाराला पहिला फोन आला, गोखले काकूंचा. माधवीचे हात पिठात होते म्हणून फोन स्पीकरवर होता.

“अगं, माझी मोरपिशी होती. ही चॉकलेटी कुणाची आहे? चांगली आहे हो, पण मी आजारी दिसेन यात.”

दुसरा फोन डॉक्टर बाईंचा. तिसरा पाटील वहिनींचा, तो स्पीकरशिवायही ऐकू आला.

माधवी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हात धुतले, पुसले आणि खुर्चीवर बसली. “सुहास, काय केलंस?” मी सांगितलं. चिठ्ठ्या, वारा, फिश टँक, विश्लेषण, सगळं. तिचे डोळे भरून आले, आणि मला त्या एका खिडकीच्या खोलीची आणि तिच्या पडद्याची आठवण झाली. मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

“आपण एक तक्ता करू,” मी चाचरत म्हणालो. “अकरा नावं आडवी, अकरा साड्या उभ्या…”

“सुहासराव,” सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही गाडी काढा. माधवी, सगळ्यांना फोन कर. पाकिटं घेऊन तासभर आधी हॉलवर या म्हणावं. नेसायचं तिथेच.”

तीन वाजता चर्चच्या हॉलमागच्या खोलीत अकरा बायका, अकरा पाकिटं आणि सासूबाई आत गेल्या. मला दार धरून बाहेर उभं राहायचं काम मिळालं. (या प्रकल्पात मी निर्दोष पार पाडलेलं हे एकमेव काम.) आतून सासूबाईंचा आवाज येत होता.

“ही मोरपिशी गोखले वहिनींची, जावयाने घेतलेली. चॉकलेटी डॉक्टरची, पहिल्या पगाराची. लाल? ती त्या हायडेलबर्गहून येणाऱ्या मुलीची, आईने पाठवलेली. आणि पाटीलबाई, तुमची ही पांढरी, चंद्रकळा हवी होती पण मिळाली नाही ती.”

पाऊण-पाऊण तासाचा चहा दहा मिनिटांत वसूल झाला. एकही चूक नाही. माझ्या विश्लेषणातल्या अकरापैकी दोन बरोबर निघाल्या, आणि त्यातली एक तर शेवटी उरलेल्या साडीला शेवटची उरलेली चिठ्ठी लावल्यामुळे.

इतक्यात हॉलचा जर्मन रखवालदार आला. आत हा कसला गोंधळ चाललाय, असं त्याने विचारलं.

“आल्झो…” मी म्हणालो, “प्रोत्सेस-ऑप्टिमीरुंग.” म्हणजे कामाच्या पद्धतीत सुधारणा.

“आख सो. गेनाऊ,” म्हणजे ‘अस्सं, बरोबर’, असं तो आदराने म्हणाला आणि पाय न वाजवता निघून गेला.

दार उघडलं. अकरा बायका आपापल्या साड्यांत बाहेर आल्या, एकमेकींच्या पदरावरून हात फिरवत, फॉल उलटून बघत. पाटील वहिनी थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“भावोजी, झालं कसं हे?”

मी सवयीने सांगितलं की मूळ कारण शोधायला पाच वेळा ‘का’ विचारायचं असतं. हे मी बोलायला नको होतं.

“पाकिटं का बदलली?” सासूबाईंनी सुरुवात केली.

“चिठ्ठ्या चुकीच्या लागल्या.”

“का?”

“मी अंदाजाने लावल्या.”

“का?”

“उडाल्या होत्या.”

“का?”

“टाचणी नव्हती.”

“का?”

अकरा साड्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, “सुधारणा म्हणून.”

पहिल्यांदा माधवी हसली. मग सगळ्याच हसल्या, आणि मला जरा श्वास घेता आला. पाटील वहिनींनी आपल्या साडीचा काठ उलटा करून टाके पाहिले, दोनदा पाहिले.

“काम देखणं आहे गं तुझं,” त्या माधवीला म्हणाल्या. “बारा नऊवारी तुझ्याच. आज ठरलं. फक्त एक सांग, यांचं ऑफिस किती ते किती असतं?”

“साडेआठ ते पाच.”

“मग मी सोमवारी दहाला आणून देते.”

ही बातमी मंडळात पसरायला तेवढा एक कार्यक्रम पुरला. आता माधवीचं स्टेशनजवळ दुकान आहे, पण साड्या घेणं आणि चहा पाजणं अजून घरीच होतं, आणि ग्राहक मी घरात नसल्याची खात्री केल्याशिवाय जिना चढत नाहीत. तिच्या व्हिजनचा कृती-आराखडा अखेर तयार झाला आणि त्यात एकच पायरी आहे: मला रोज सकाळी घराबाहेर काढणं. आमच्या कंपनीने सगळ्यांना आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची मुभा दिली आहे. ती न घेता पाचही दिवस ऑफिसात येणारा अख्ख्या खात्यात मी एकटाच, आणि परवा सगळ्यांसमोर बॉसने माझ्या कामावरच्या निष्ठेचं कौतुक केलं.