न वाचता केलेली सही

सैन्यातून बाहेर पडल्यावर मी भांडुपला दवाखाना टाकला होता. पंच्याऐंशी साल असेल, एक दिवस माझा जुना ड्रायव्हर कुबड्या टेकत आत आला. एकाहत्तरच्या लढाईत मी आघाडीवर डॉक्टर होतो आणि जखमींना आणणारी आमची गाडी हा मालवणचा गडी चालवायचा. एका सकाळी ती गाडी सुरुंगावर गेली. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली मीच कापला होता.

त्याला सैन्याकडून मिळालेला कृत्रिम पाय आता मोडला होता आणि माजी सैनिकांची कचेरी नवा देत नव्हती. कारण त्याच्या जखमेच्या कागदावर युद्धातली जखम नव्हे, ‘वाहन अपघात’ असं लिहिलेलं होतं. खाली माझी सही.

त्या दिवशी तंबूबाहेर स्ट्रेचरांची रांग लागली होती. कागद कारकून भरत होता, मी मधूनच हात पुसून सह्या ठोकत होतो. एकही वाचला नव्हता.

“साहेबांनू, कागद तुमी केलात,” तो शांतपणे म्हणाला. “आता निस्तरूक पण तुमकाच होया.”

दवाखाना बंद ठेवून मी त्याच्याबरोबर कचेरीत गेलो. तिथल्या बाबूने कागद उलटसुलट करून पाहिला.

“त्या वेळच्या डॉक्टरांचा दाखला आणा.”

“तो डॉक्टर मीच.”

“कशावरून?”

मी ओळखपत्र दाखवलं, त्याच्यासमोर सही केली. “जुळत नाही,” तो म्हणाला. तीन दिवस न झोपता केलेली सही जुळणार कशी? माझा आवाज चढला, तेव्हा ड्रायव्हरनेच बाही ओढून मला बाहेर काढलं.

दुसऱ्या खेपेला मोठे साहेब रजेवर होते. तिसऱ्या खेपेला फाइल भलत्याच टेबलावर गेलेली. शेवटी वैतागून मी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, की हा कागद मी वाचलाच नव्हता, चूक सर्वस्वी माझी. ते मात्र त्यांनी तिथल्या तिथे मान्य केलं. सुरुंग कुणाला पटत नव्हता, माझा हलगर्जीपणा लगेच पटला. आणि तो खरा होता, म्हणून चिडायचीही सोय नव्हती.

आठ महिन्यांनी पाय आला. तो घालून ड्रायव्हर दवाखान्यात आला आणि म्हणाला, “टोचता हा. परत अर्ज करूचो काय?”

मी त्याला बाकावर बसवलं, पाय काढायला लावला आणि टोचणाऱ्या कडेवर कापूस ठेवून पट्टी गुंडाळायला घेतली.