श्वास सोडा, माफ करा

सेठनं माझा पदर झटकला. त्यातून तुरीची डाळ पडली. त्यानं पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर हाणली.

डाळ म्हणजे किती? चिमणीनं खाल्ली असती तर उपाशीच झोपली असती. लातूरच्या आमच्या डाळमिलमध्ये सुटी झाली की बायांनी गेटवर पदर झटकून दाखवायचा, बुचडा सोडून दाखवायचा, मगच घरी जायचं. दिवसभर मांडीवर सूप घेऊन डाळ निवडली की चार दाणे पदरात अडकणारच. त्या दिवशी अडकले, आणि गेटवर सेठ स्वतः उभा.

चपलेचा आवाज असा झाला, की पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट निलंग्याला जाऊन बसली.

"चोरटी," सेठ म्हणाला.

ओठ फुटला होता. चाळीस बाया बघत होत्या. मी रक्त गिळलं आणि हसले. खरंच हसले. "चुकलं, सेठ," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून ध्यान शिकवणाऱ्या मॅडम आल्या. मिलमधल्या बाया लई तोंड वर करून राहिल्या, म्हणून सेठनं आमच्यासाठी शांती मागवली होती. सेठ खुर्चीवर, आम्ही खाली बारदानावर. मॅडमचा आवाज इतका गोड, की मुंग्या लागाव्यात.

"डोळे मिटा. खोल श्वास घ्या."

चाळीस बायांनी एकदम श्वास ओढला. मिलमधली निम्मी धूळ आमच्या छातीत गेली. असा खोकला उठला, की मशीनचा आवाज बुडाला.

"हिला सांग गं," शेजारची काकू पुटपुटली, "हितं श्वास बेतानंच घ्यावा लागतो."

"आता फक्त श्वासाकडे बघा," मॅडम म्हणाल्या.

मी थट्टा म्हणून बघायला लागले. मग थट्टा संपली. श्वास आत येत होता, बाहेर जात होता. सेठची खुर्ची करकरली, की थांबत होता. सेठ खाकरला. थांबला. सेठनं पाय हलवला. थांबला. अकरा वर्षं मी त्या मिलमध्ये होते. अकरा वर्षं माझा श्वास त्या माणसाला विचारून आत येत होता. आणि मला पत्ता नव्हता.

पोटातून असं काही उठलं, की त्यापुढं माहूरचा गड खडा वाटावा. मला त्याचा गळा दिसला. गळ्यावर माझे दोन्ही अंगठे. मॅडम म्हणत होत्या, मनात शांत तळं आणा. मी आणलं. त्यात मी सेठला बुडवत होते.

"आता माझ्यामागे म्हणा. माझ्या मनात राग नाही. मी सगळ्यांना माफ करते."

सगळ्या बोलल्या. मी गप्प. मॅडमनी मला पुढं बोलावलं.

"ताई, सेठजींकडे बघून म्हणा, मी तुम्हाला माफ केलं."

"त्यांनी माफी मागितली व्हय?"

मॅडम सेठकडं बघायला लागल्या. "माफ आपण स्वतःसाठी करायचं असतं, ताई."

"मला माझ्यासाठी न्हाई करायचं."

सेठ उठला. "म्हण गं! न्हाईतर उद्यापासून कामावर येऊ नको."

"न्हाई म्हणत."

त्यानं हात उगारला. तो मी हवेतच धरला आणि मुरगाळला. सेठ गुडघ्यावर आला. मग कानाखाली अशी लावली, की त्याची टोपी नांदेडला सापडली. काकू म्हणते, बारदानाखाली सापडली. टोपीचं काय ते असो. मार खरा होता. दुसरी लावली, तिसरी लावली. त्याच्या नाकातून रक्त आलं तेव्हा माझा श्वास एकदाही अडला नाही.

मला चौकीत नेलं. सेठ नाकाला रुमाल धरून बसलेला.

"बाई," हवालदार म्हणाला, "सेठ केस करत न्हाईत. तू फकस्त लिहून दे, तुझी काही तक्रार न्हाई. दोघं घरी जा."

मी छाती भरून श्वास घेतला. "माझी तक्रार हाय. अकरा वर्षांची हाय. घ्या लिहून."

त्यांनी घेतली नाही. हाकलून दिलं. काम तर गेलंच. दुसऱ्या दिवशी मी चौकीत परत गेले. तिसऱ्या दिवशी परत. आता हवालदार मला बघून कागद लपवतो. मी समोरच्या बाकड्यावर बसते, डोळे उघडे ठेवून. आज पुन्हा जाणार आहे. तो लिहून घेईपर्यंत जाणार आहे.